दोर तपासल्याशिवाय

लिफ्टच्या दुरुस्तीत हयात घालवलेल्या मिस्त्रीने निवृत्त झाल्यावर पुस्तक लिहायचं डोक्यात घेतलं, आणि त्याच्या बायकोला स्वतःच्याच घरात ताठ उभं राहणं अशक्य झालं.

पुस्तक थोरल्या भावासाठी होतं. दादानेच मिस्त्रीला हाताला धरून काम शिकवलं होतं, आणि आता दादाची आठवण उसवत चालली होती. कधी जेवण झालं की नाही हेही त्याला सुनेला विचारावं लागे. "सगळं विसरायच्या आत माझं काम मला एकदा वाचून दाखव," एवढंच त्याने धाकट्याकडे मागितलं होतं. मिस्त्री कंबर कसून कामाला लागला.

आधी त्याने चिठ्ठ्या केल्या आणि घरभर चिकटवल्या. एका चिठ्ठीवर एकच गोष्ट: ब्रेक, ग्रीस, दरवाजा, उंदीर. मग एका गोष्टीचा दुसरीशी संबंध असेल तिथे दोरा बांधायचा. ब्रेकची चिठ्ठी स्वयंपाकघरात आणि ब्रेकच्या आवाजाची न्हाणीघरातल्या आरशाला, त्यामुळे दोरा सगळं घर ओलांडून गेला. उंदीर वायर कुरतडतात म्हणून उंदराचा दोरा वायरला, वायरचा अंधाराला आणि अंधाराचा, का कोण जाणे, बायकोच्या चष्म्याच्या डबीला. 'अडकलेले प्रवासी' मधून एक दोरा 'राग' कडे गेला होता आणि 'राग' मधून 'बायको' कडे. बायकोने ती चिठ्ठी वाचली आणि त्या दोऱ्यावर मोजे वाळत घातले.

पुढच्या दारावर आराखडा लावला होता. त्यात प्रकरणांना मजले होते, शिवाय तळघर आणि गच्ची. मिस्त्री रोज त्यात खाडाखोड करायचा. मजल्यावर मजले चढले, पण एकाही मजल्यावर एक वाक्य राहायला आलं नाही.

"अहो, एखादं वाक्य तरी लिहा," बायको वाकल्या वाकल्या म्हणाली.

"सगळे दोर तपासल्याशिवाय माणूस चढवायचा नाही. दादाचा नियम आहे."

"वाक्य म्हणजे काय माणूस आहे?"

"त्याहून नाजूक," मिस्त्री म्हणाला, आणि एकेक दोरा ओढून बघू लागला. एखादा तुटला की पठ्ठ्या पुन्हा तळघरापासून सुरुवात करायचा. बायकोने हात टेकले.

एका रविवारी दादाच येऊन उभा राहिला. सून त्याला दारापर्यंत सोडून गेली. इस्त्रीचा शर्ट घालून, केस नीट विंचरून आला होता बिचारा.

"वाच," तो खुर्चीत बसून म्हणाला.

"वाचता येत नाही, दादा. फिरावं लागतं."

दादाने मान डोलावली, जणू पुस्तकं अशीच असतात. त्याने ब्रेकचा दोरा चिमटीत धरला आणि निघाला. स्वयंपाकघरातून न्हाणीघर, तिथून पलंगाखाली. "हा ढिला आहे," पलंगाखालून आवाज आला. मिस्त्री मागोमाग रांगत होता. शेवटी दोरा कपाटामागे एका चिठ्ठीपाशी संपला. 'दादाला विचार.' दादाने परत जाऊन दुसरा दोरा धरला, मग तिसरा. सगळे तिथेच येऊन मिळत होते.

"मग विचारलं का नाहीस?"

"ते प्रकरण अजून आलं नाही. सातव्या मजल्यावर आहे."

"मी आलोय ना," दादा म्हणाला.

मिस्त्री चांगलाच वरमला. मग त्याने वर्षभर मनात धरून ठेवलेलं विचारलं. "लिफ्टमध्ये कुणी अडकलं की तू बाहेरून दाराला तोंड लावून काहीतरी बोलायचास. आतली माणसं रडायची थांबायची. काय बोलायचास रे?"

दादाने कपाटाच्या दाराजवळ तोंड नेलं आणि मागे घेतलं.

"होतं काहीतरी," तो म्हणाला. "गेल्या वर्षी सांगितलं असतं."

काय करावं ते न कळून मिस्त्रीने खिशातून कोरी चिठ्ठी काढली. बायकोने ती हातातून काढून घेतली. "आता हे नको," ती म्हणाली.

मिस्त्रीने दादासमोर जमिनीवर बसकण मारली.

"ब्रेकचं आठवतंय?"

"आठवतंय," दादा म्हणाला. "पण लवकर विचार."