व्हर्लाचा ऑक्टोबर

आमच्या दरीच्या पार्कात माहितीच्या टेबलामागे व्हर्ला सव्वीस वर्षं बसली, तिच्या शेजारी मी चौदा. पाहुणा आला की ती तीन गोष्टी विचारायची. वेळ किती? गुडघे कसे? गाडीत भांडणारं कोण? मग नकाशावर बोथट पेन्सिलीने दोन गोल करायची आणि उरलेल्या ठिकाणांवर सरळ काट मारायची.

"बाई, नदी कुठून दिसेल?" हे रोज दहा जण विचारत.

"जुनिपर पॉइंटवरून. टॅनर पॉइंटवर शोधत बसू नका, मध्ये कडा येतो, तिथून नदी दिसतच नाही. टॅनरवर लांबचं बघायचं, तेही ऑक्टोबरात, संध्याकाळी."

तिचं कधी चुकलं नाही. म्हणूनच पुढचं सांगताना माझा संताप होतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही.

तिचा नवरा थेन पार्कच्या गॅरेजात मेकॅनिक. कड्यावर सूर्य मावळायचा तेव्हा याचं डोकं बॉनेटखाली. निवृत्त झाला आणि डोळे दगा द्यायला लागले. मधलं पुसट होत चाललं, कडेचं तेवढं शाबूत. सेंट जॉर्ज शहरातल्या डॉक्टरांनी डोळ्यात सुया देऊन पाहिल्या आणि जूनमध्ये हात टेकले. नजर किती दिवस टिकेल, ते त्यांनाही सांगता येईना.

जुलैत एका सकाळी थेन चक्क पाहुण्यांच्या रांगेत उभा राहिला. टोपी काढून म्हणाला, "बाई, मला एकच जागा बघायचीय. बायकोबरोबर. कुठे जाऊ?"

"वेळ किती आहे?" सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं. मग तिचा चेहरा खर्रकन उतरला.

थेन हसला. "गुडघे धडधाकट आहेत. भांडणारी तूच."

तिने टॅनरवर गोल केला. "पण आत्ता नको हं. वणव्यांचा धूर आहे, वीस मैलही दिसायचं नाही. ऑक्टोबरात शंभर दिसतात."

"आजच जाऊ की गं. धूर तर धूर."

"एकदाच बघायचं, तर नीट बघ."

मी शेजारीच होते. ऊठ, टेबल मी सांभाळते, असं म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. जागा निवडण्यात व्हर्लाच्या शब्दाबाहेर आमच्यातलं कुणी जात नसे.

ऑगस्टात चर्चच्या जेवणाला थेनने कुस्करलेले बटाटे समजून गोड जेलीवर ग्रेव्ही ओतली. सप्टेंबरात तो मला आवाजावरून ओळखू लागला. व्हर्ला रोज दारात उभी राहून धुराला शिव्या घालायची.

"अगं, आता तरी जा," मी म्हटलं.

"दोनच आठवडे," ती काकुळतीने म्हणाली, जणू ते माझ्या हातात होतं.

ऑक्टोबरात हवा धुतल्यासारखी स्वच्छ झाली. गाडी मीच चालवली. टॅनरच्या कठड्याला धरून दोघं उभी राहिली. शंभर मैलांवरचे डोंगरसुद्धा वेगवेगळे मोजता येत होते.

"दिसतंय?" तिने विचारलं.

त्याने मान इकडे वळवली, तिकडे वळवली. मग चाचपडत तिचा हात धरला.

"वा! नदी बघ ना व्हर्ला. काय हिरवीगार दिसतेय!"

व्हर्लाने माझ्याकडे पाहिलं. इतकं असहाय तोंड मी तिचं कधी पाहिलं नव्हतं. मी काय करणार होते?

"हो रे," ती म्हणाली. "हिरवीच आहे."