आमच्या घरचा आवाज

आमचं घर लोणावळ्यात, रेल्वेच्या कुंपणाला लागून. घाट चढून आलेली मालगाडी गेली की मांडणीवरची भांडी थरथरायची. वडील रेल्वेच्या शेडमध्ये कामाला. इंजिनांच्या आवाजात उमेदीची वर्षं गेली आणि त्यांचे कान अधू झाले. त्यामुळे आमच्याकडे लाडानं बोलायचं तेही ओरडूनच. आई ज्या आवाजात "जेवायला या" म्हणायची, त्या आवाजात इतरांकडे भांडणं होत असतील. शेजारीपाजारीही तसेच. गाडी आली म्हणून कुणी वाक्य अर्धवट सोडायचं नाही, आवाज चढवायचा.

तोच आवाज घेऊन मी शाळेत गेले. सहावीत वर्गशिक्षिका बाईंनी एक प्रश्न विचारला, मी उत्तर दिलं. बरोबर होतं. बाईंनी दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. वर्ग हसला.

"वस्तीतल्या मुलांना बोलायचं वळणच नसतं," बाई म्हणाल्या. "घरी दिवसभर भांडणं ऐकतात, तेच उचलतात." आणि मला शेवटच्या बाकावर बसवलं.

आमच्या घरी भांडण क्वचितच व्हायचं. पण हे सांगायला गेले असते, तर तेही मोठ्यानंच सांगितलं असतं.

मग ठरवलं, वळण लावून घ्यायचं. घरी गेले ती हळू बोलायला लागले. आई वैतागली. "घसा बसला का तुझा? नीट बोल की." मी पुटपुटतच राहिले. संध्याकाळी वडील आले, चहा घेऊन बसले.

"आज शाळंत काय शिकवलं?"

मी हळू आवाजात सांगू लागले. ते माझ्या ओठांकडे बघत राहिले. कप खाली ठेवला. एका कानात बोट घालून हलवलं, मग दुसऱ्यात. त्यांचा चेहरा उतरला. आईकडे वळून म्हणाले, "अगं, हिचं मला कायच ऐकू येत न्हाई. पार गेले वाटतं कान."

"न्हाई गेले, आबा!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या मावशी हातात लाटणं घेऊनच दारात आल्या. मग शाळेत झालेलं सगळं त्याच आवाजात सांगितलं. आई म्हणाली, "उद्या मी येते, बघते त्या बाईंना."

"नको. मीच बोलते."

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या तशी मी उभी राहिले. "बाई, माझ्या आबांना कमी ऐकू येतं. घरामागून गाड्या जातात. म्हणून मी मोठ्यानं बोलते. आमच्याकडे भांडणं होत नाहीत."

"बरं, बरं. बस खाली. आणि आवाज कमी कर."

"नाही होणार, बाई."

या वेळी कुणी हसलं नाही. माझा बाक काही बदलला नाही. वर्षभर मी तिथूनच उत्तरं देत राहिले. पहिल्या बाकापर्यंत पोचायला माझ्या आवाजाला कसलाच त्रास नव्हता.

आता मी देहूरोडजवळच्या एका सोसायटीत राहते. सुट्टीत माझी मुलगी आजोबांकडे राहून आली. परवा लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरच्या काकूंनी काळजीनं विचारलं, "हल्ली फार ओरडून बोलते हो ती. घरी काही टेन्शन आहे का?"

"छे! आजोबांशी गप्पा मारायला शिकून आलीय," मी म्हणाले. लिफ्टबाहेर उभ्या असलेल्यांनाही ऐकू गेलं असणार. तिला मी हळू बोलायला सांगणार नाही.