तिसरं कडवं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बँडमधल्या पोरांनाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच जमतंय.

मी रॉक गाते. आवाज जरा फाटका आहे. लोक म्हणतात, काळजातून येतो. जुनी गाणी गिटार-ड्रमवर नव्याने गायलेला माझा पहिला अल्बम चालला, म्हणून तसाच दुसरा काढायचं ठरलं. निर्मात्याला त्यात एक तरी कुणी न ऐकलेलं गाणं हवं होतं. मी म्हटलं, आहे माझ्याकडे.

ते गाणं कांतामावशीचं. आई लवकर गेली, तारनाक्याच्या दोन खोल्यांत मला मावशीनेच वाढवलं. नांदेडकडून इकडे तेलुगू मुलखात आलेली, दवाखान्यात आया. दिवसभर लोकांचं करून यायची आणि भाकरी थापताना गायची. हे गाणं तिने स्वतः रचलेलं — तिच्या आईला गावच्या विहिरीला शिवू देत नसत, त्याचं. पहिल्या दोन कडव्यांत ऊन, तहान, रिकामी घागर. तिसऱ्यात त्याच विहिरीवर निळं निशाण लागतं, आणि आजी स्वतःच्या हाताने पोहरा सोडते. दर जयंतीला मावशी विहारात हे गायची.

निळं निशाण. कळलं ना, मी कुठे चाललेय?

तिसरं कडवं मी गाळलं. कुणी सांगितलं म्हणून — नाही. निर्मात्याने ते ऐकलंच नव्हतं, मीच घरून छाटून नेलं. बँडमधली पोरं पुण्या-मुंबईकडची, आयटीतली, चांगली. माझ्या आडनावावरून काही कळत नाही. इतकी वर्षं कुणी विचारलं नव्हतं, आणि कुणी विचारू नये एवढंच मला हवं होतं. तेवढं कापल्यावर ते नुसतं तहानेचं गाणं उरलं. लोकांना ते विरहाचं वाटलं. मी वाटू दिलं. गीतकाराच्या जागी मीच लिहून दिलं — 'पारंपरिक'.

प्रकाशनाला मावशीला घेऊन गेले. नवं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली होती. गाऊन झाल्यावर सूत्रसंचालिकेने इंग्रजीत विचारलं, हे कुठे सापडलं? मीही इंग्रजीतच सांगितलं — एका जत्रेत एक म्हातारी गात होती, नाव विचारायचं राहून गेलं. मावशी माझ्याकडे बघून हसत होती. तिला इंग्रजी येत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, तिनेही वाजवल्या.

परतताना ऑटोत ती नवं लुगडं सावरून बसली. मग म्हणाली, "तिसरं कडवं इसरलीस का गं?"

काय म्हणायला हवं होतं मी?

"हौ मावशी," म्हटलं, "ऐन वेळी आठवलंच नाही."

"हात्तिच्या! मग तोंड कशाला पाडतीस? म्हण माझ्यामागं."

आणि ऑटोच्या फटफटीवर आवाज चढवून तिने मला ते कडवं शिकवलं. एकेक ओळ, लहान पोरीला शिकवावं तसं. मी तिच्यामागून म्हणत गेले. खरं वाटावं म्हणून एका ओळीत मुद्दाम चुकले. तिने दुरुस्त केलं.

बाकी सगळ्याला भ्याडपणा म्हणता येईल. त्या चुकीला काय म्हणू?

पुढे विहारातल्या बाया तिला म्हणाल्या, पोरीनं अर्धंच गायलं की. ती म्हणाली, आता शिकवलंय, पुढल्या वेळी गाईल. पुढल्या वेळी मी दोनच कडवी गायले. त्याच्या पुढल्या वेळीही. तिने परत कधी विचारलं नाही. समजली असेल का? — माहीत नाही. पण त्यानंतर भाकरी थापताना ती हे गाणं म्हणेनाशी झाली, इतर म्हणायची.

मागच्या वर्षी मावशी गेली. पुण्यानुमोदनाच्या दिवशी खोलीत बायांची दाटी होती. एक जण म्हणाली, "पोरी, तिचं गाणं म्हण. पुरं म्हण आज." सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. कोपऱ्यातल्या एकीने मोबाइल वर धरला होता, रेकॉर्ड करायला.

मी म्हटलं, गळा बसलाय.

बसला नव्हता.