विमानतळावरची तूर

आमच्या गावाला विमानतळ होतं, विमान मात्र नव्हतं.

धावपट्टीसाठी आमचं नदीकडचं वावर गेलं, ते आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कधी मान्यच केलं नाही. दरवर्षी तूर बडवायला ते तिथंच नेत. (इतकं सपाट खळं अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचं नाही.) चौकीदार गफूरचाचा येत, बजावून जात आणि जाताना आमचा चहा पीत.

त्या वर्षी तूर बडवून झाली आणि वारा पडला. वाऱ्याशिवाय उफणणी होईना. सालभराचं वरण भुसकटासकट ढिगात पडून होतं. तेवढ्यात गफूरचाचा सायकल हाणत आले.

"आबा, जल्दी उचला. साहेबाचं विमान येऊन राह्यलं."

"वावर माझं हाये. इमानाला म्हणा, पल्याड उतर."

मी नुकताच बीएस्सी झालो होतो, गप्प कसा बसणार? "आबा, ढीग नुसता कडेला ओढू. विमानाच्या पंख्याच्या वाऱ्यानं भुसकट उडंल, दाणा खाली राहील. फुकटात उफणणी."

"आन् दाणाबी उडाला मंग?" आईनं विचारलं.

"दाणा जड असतो आई. शास्त्र हाये ते."

ढीग पट्टीच्या टोकाला ओढला. विमान उतरलं, टोकापर्यंत आलं, वळलं आणि नेमकी शेपूट आमच्याकडे केली. आधी भुसकट उडालं. मी ऐटीत आईकडे पाहिलं. मग तूर उडाली. ढीग, सूप, आबांचा पटका, सगळं गेलं. साहेबाच्या स्वागताला हार घेऊन उभे असलेले अधिकारी डोक्यापासून बुटापर्यंत भुसकटानं माखले.

"कोणाची तूर आहे ही?" त्यातला एक शिंकत ओरडला.

मी गफूरचाचांच्या मागे लपलो. आबा बोडक्या डोक्यानं पुढे झाले. "वावर कोणाचं हाये, ते आधी इचारा."

अधिकारी भुसकट झटकत विमानाकडे पळाला. आई म्हणाली, "चला, वेचू तरी."

"एक दाणा उचलायचा न्हाई," आबा म्हणाले. "आपल्याच वावरात पडली."

वर्षभर आम्ही वरणाला मुगाची डाळ विकत आणली. पावसाळ्यात मात्र धावपट्टीच्या दोन्ही कडांना तूर अशी तरारली की आबा येईल त्या पाहुण्याला तिथं नेऊ लागले.

"आमच्या बारक्यानं पेरली," छाती काढून सांगायचे. "बीएस्सी हाये ना, तिफण धरत न्हाई. इमानानं पेरतो."