गोळ्यांवरचं नवरात्र

निजामी अमलात पिंपळगाव रेणुकाईच्या सरकारी शाळेत मी मास्तर होतो, आणि भर वर्गात, फळ्यावर लिहिता लिहिता झोपत होतो. आळस नव्हता, दुखणं होतं. पण तपासणीला आलेल्या शिक्षणखात्याच्या मोहतमीमसाहेबांना ते कोण पटवणार? "दसऱ्यानंतर परत येईन. तेव्हा झोपलेले दिसलात तर कायमचे घरी," असं बजावून ते गेले.

जालन्याच्या डॉक्टरांनी जागं राहण्याच्या गोळ्या दिल्या. रोज सकाळी एक. मनाने एकदम बंद करू नका, म्हणाले. झोप पळाली खरी. पण छातीत धडधड, तोंडाला कोरड, आणि भूक तर पार मेली. भाकरीचा वासही नको वाटायचा. हे औषधाने होतंय की मला आणखी काही झालंय, काही कळेना.

तेवढ्यात नवरात्र बसलं. घरच्या घटाचा उपास त्या वर्षी माझ्याकडे आला. एरवी मी भगर-रताळ्यांवर आडवा हात मारणारा माणूस. या खेपेला नऊ दिवस नुसत्या पाण्यावर नि कपभर दुधावर ताठ बसलो. आईने गल्लीभर सांगितलं. बायका दर्शनाला यायला लागल्या. आठव्या माळेला खुद्द आई माझ्या पाया पडली. मी पाय मागे घेतले नाहीत.

दसऱ्याला घट हलले, आणि निर्माल्याबरोबर आईने गोळ्यांची बाटलीही पाण्यात सोडली. "देवी पावली तुला. आता औषिद कशाला?"

दुसऱ्या दिवसापासून मी जो कोसळलो! दिवसभर झोप, उठलो की चार-चार भाकरी, आणि मधेच कारण नसताना रडू. माझी मलाच लाज वाटायची. साहेब यायच्या सकाळी आई मला अंगारा लावून हलवत होती. "ऊठ रे बाबा, साहेब येऊन राह्यले. देवी कोपली का रे तुह्यावर?"

डोळे न उघडताच मी सांगून टाकलं, "देवी न्हाई आई, गोळी होती. गोळीनं भूक मारल्ती."

तिने अंगाऱ्याची बोटं पदराला पुसली. मग म्हणाली, "मंग मी पाया पडले तव्हा का न्हाई बोलला?"

मला तिला फसवायचं नव्हतं. ते नऊ दिवस मलाही वाटत होतं की आपल्यात देवी आहे. हे सांगायला तोंड उघडलं आणि मला पुन्हा झोप लागली. नोकरी त्याच झोपेत गेली. आईला उत्तर मात्र मी शेवटपर्यंत दिलं नाही.