नकल्याकडचा खेळ

नकल्या हातात येईल त्या वस्तूवर आधी फुंकर मारायचा. पयले टीव्हीला जोडायच्या गेमच्या पिवळ्या क्यासेटी असायच्या. त्या चालंनात की हा त्यांच्या फटीत फुंकायचा, तिथून ती सवय लागली. मग मोबाईलची कार्डं आली, त्यांच्यावर फुंकर. चष्म्यावर फुंकर. एकदा डॉक्टरनं दिलेल्या गोळीवर बी मारली. मी म्हनलं, "मेल्या, गोळी काय चालू करतो का?" तर म्हनला, "अडकलेलं निघतं आक्का. काय सांगावं."

जामखेडात एसटी स्टँडाच्या मागं त्याची टपरी हुती. खरं नाव कुनी घ्यायचं न्हाई. गाण्याची क्यासेट असू दे, पिच्चर असू दे, गेम असू दे, एकाचं धा करून द्यायचा, म्हनून नकल्या. तुमच्याकडं बी असा एखादा असंलच. त्याला राग न्हवता त्या नावाचा. पाटीवर बी तेच लिवलं हुतं म्हनं, मला कुठं वाचता येतंय.

आमचं ऊसतोडीवाल्यांचं दिवाळी झाली की गाव सुटायचं. टेम्पोत भांडी चढायच्या आधी समदी टोळी नकल्याच्या टपरीपुढं बसलेली असायची. सहा म्हयने फडात काढायचे, तिथं रेंज न्हाई, लाईट असली तर असली. म्हनून ज्याच्यात्याच्या कार्डात हा गानी, पिच्चर, गेम भरून द्यायचा. बायका पीठ-मीठ भरायच्या, गडी कार्ड भरायचे. माजे मालक टायरगाडीखाली गेले तवापासून मी एकलीच अर्धा कोयता म्हनून जायचे. नवरा-बायकू मिळून एक कोयता, एकल्याचा अर्धा. माज्या कार्डात तो मागितल्याबिगर भजनं भरायचा. "पाचटाच्या कोपीत एकली ऱ्हाती, कायतरी आवाज असू दे," म्हनायचा.

त्यानं कधी काय पुसलं न्हाई. जुन्या क्यासेटी, जुनी कार्डं, कुनीबी टाकून दिलेलं, कागदाच्या पुड्या बांधून ठिवायचा. टपरीत बसायला जागा न्हाई एवढ्या पुड्या. "ह्ये गेम आता कोन खेळतंय?" म्हनलं की म्हनायचा, "पुसायचं काम देवाचं. आपन कशाला हात घालायचा?" मला म्हनायचा, "तू दुधीचं बी राखंत घालून ठिवती का न्हाई? मी तेच करतो." मी म्हनायचे, "बी मागून आनत्यात रं. तुज्यावानी परसात शिरून न्हाई." हसायचा. "शिरलो न्हाई तर बी सडतंय आक्का, अन् मालकाला पत्ताच नसतो."

माजा अंकुश वसतिगृहात ऱ्हाऊन शिकला. पुन्याला गेमच्या कंपनीत लागला. तिथं त्यांनी आठ जनांनी मिळून ऊसतोडीचा खेळ केला. टायरगाडी भरायची, खड्ड्यातनं कारखान्याला न्यायची. त्यानं मला फोनवर सांगितलं, "आये, शेवटाला आमची नावं येत्यात. माजं नाव बापाच्या नावासकट हाय. ये, दाखवतो." मी म्हनलं, "रोज त्येच करते, त्ये काय बघायचं?" मला वाटलं हसंल. हसला न्हाई. मी हंगाम सरल्यावर बघू म्हनलं.

त्या दिवाळीला अंकुश घरी आला तर टोळीतल्या समद्यांच्या मोबाईलात तोच खेळ. नकल्यानं भरून दिल्याला. पोरगं लाल झालं. टपरीवर जाऊन म्हनला, "काका, दोन वर्सं झोपलो न्हाई आमी. अन् तुमी लाह्या वाटल्यावानी वाटता? कंपनी बुडंल आमची." नकल्या म्हनला, "बाळा, तुजा खेळ कंपनीच्या मशिनीला इचारल्याबिगर उघडत न्हाई. फडात रेंज कुठंय? ज्यांचा खेळ केला त्यांनीच खेळू नाय का?" दोघांचं बी मला पटलं. पन लेक तो लेक. मी टपरीपुढं हुबी ऱ्हाऊन नकल्याला चोर म्हनलं, नको नको ते बोलले. तो खाली मान घालून कार्डावर फुंकर मारत बसला. दोन हंगाम मी कार्ड कोरंच घिऊन गेले.

त्यातच ती तापाची साथ आली. अंकुश तिथं पुन्यातच वारला. मला तोंड बघायला मिळालं न्हाई, एक पिशवी मिळाली. कपडे, चार्जर, मोबाईल. वर्सभरात त्याची कंपनी बी बंद पडली. नकल्यासारख्यांनी बुडवली का आपसूक बुडाली, मला ठाव न्हाई.

एक दिवस मन धरवंना. पुतनीला म्हनलं, अंकुशच्या मोबाईलात तो खेळ असंल, काढ. तिनं दाबलं. एक गोल चक्कर फिरत ऱ्हायलं, फिरतच ऱ्हायलं. ती म्हनली, "काकू, ह्यो त्यांच्या मशिनीला इचारतोय. मशिनच न्हाई आता. नेटवर बी कुठं सापडंना. गेला ह्यो."

पोरानं सवताच्या हातानं केल्याला, अन् त्याच्याच मोबाईलात उघडंना. मग मी नकल्याकडं गेले. दोन वर्सांनी त्याच्या टपरीची पायरी चढले. म्हनलं, "चोरा, हाय का रं तुज्याकडं?" त्यानं मला बसायला खोकं दिलं अन् एक पुडी सोडली. त्याच्याकडचा कुलूप फोडल्याला, त्याला कुनाला इचारायचं काम न्हवतं.

खेळ चालू झाला. फड दिसला, गाडी दिसली. पांढऱ्या बैलाचं एक शिंग मोडल्यालं, आमच्या सर्ज्याचं मोडल्यालं हुतं तसंच. एक बाई मोळी उचलत हुती. उचलताना आधी डाव्या गुडघ्यावर टेकवायची, मग डोक्यावर. अख्ख्या टोळीत तसं मी एकलीच उचलते, कंबर धरती म्हनून. नकल्या म्हनला, "आक्का, ही तूच हाईस का गं?" मी पदर तोंडाला लावला. लहानपनी पोरगं बांधावर बसून बघत हुतं एवढं, अन् मला वाटायचं खेळतंय.

गाडी कारखान्यात पोचली अन् पडदा काळा झाला. मी वाट बघत बसले. म्हनलं, "आता नावं येतीन." नकल्या पुडीचा कागद चुरगाळाया लागला. म्हनलं, "कुठं हाय अंकुशचं नाव?" म्हनला, "मीच कापलं आक्का. बारक्या कार्डात बसंना. नावं कोन वाचतंय, म्हनलं."

मी म्हनलं, "वाचनारी मी एकलीच हुते, अन् मला वाचता येत न्हाई. पन अंकुशचं नाव मला वळखू येतंय."

त्या दिवसापास्नं तो बदलला. पुन्याला, नगरला, जिथं जिथं त्याच्यासारखे लोक हुते त्यांना फोन लावले, नावं न कापल्याला खेळ कुनाकडं हाय का म्हनून. हंगामाहून टोळ्या आल्या की एकेकाला आडवायचा, "जुनं कार्ड हाय का? बघू दे." फुंकर मारायचा, घालायचा, शेवटापत्तुर खेळायचा. दर येळंला काळा पडदा. "समदी माजीच पिल्लं हाईत," म्हनायचा. "कापल्याली."

छातीनं धरलं त्याला. उन्हाळ्यात खाटंवर पडला. मी भेटाया गेले, च्या करून दिला. म्हनला, "आक्का, खरं सांग. मी राखलं का बुडवलं?"

"राखलंस."

"अन्?"

"अन् बुडवलंस बी."

"मंग?"

"मंग काय. च्या पी, गार हुतोय."

त्यानं पेला तोंडाला लावला. आठ दिसांनी गेला.

बाराव्याच्या आतच त्याच्या मेव्हन्यानं टपरी रिकामी केली. मला कळलं तवर पुड्या भंगारवाल्याच्या टेम्पोत घालून गेल्या हुत्या. काय काय हुतं त्यात, एका नकल्याला ठाव. खाली दोन-चार कोरे कागद तेवढे पडले हुते.

आता तो खेळ माज्या मोबाईलात हाय. नकल्यानंच घालून दिल्याला. दुसरीकडं कुठं असला तर मला ठाव न्हाई. माजा कोयता सुटला, फडात जाववत न्हाई, पन दिवाळी झाली की टोळीतले येत्यात. "आक्का, तो गाडीचा खेळ द्या की." पुतनी ह्या मोबाईलातनं त्या मोबाईलात घालून देती. म्हनजे ज्या कामाला मी चोरी म्हनले, तेच आता माज्या वट्यावर चालतं. अंकुश असता तर भांडला असता माज्याशी. भांडायला तरी असता.

मी एकच करते. मोबाईल हातात द्यायच्या आधी म्हनते, ह्यो कुनी केला, नाव घ्या. अंकुशचं, बापाच्या नावासकट. काही जन घेत्यात. काही जन म्हनत्यात, "घेतो की आक्का, आधी खेळ तर द्या," अन् टेम्पो हारन वाजवतो.