सलाईन लावून ये, पण ये

संताप येण्यासारखं काही घडलं की मी ते त्याच दिवशी कुणाला तरी सांगून टाकतो, म्हणजे घरी जाऊन जेवण तरी गोड लागतं. तरी काही ना काही उरतंच. नांदेडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर केमिस्ट्री शिकवायला लागल्यापासून तर एवढं उरलंय की, मित्र चहाला बोलावतानाच बजावतात, ‘आज कॉलेजचं काही काढू नको.’ मी हो म्हणतो आणि पहिल्या घोटालाच सुरू होतो. तुम्हीही ऐका.

* * *

एम.एस्सी.च्या वर्गात मी रिअ‍ॅक्शन लिहायला फळ्याकडे वळलो की मागून पानं उलटल्याचा आवाज येतो. केमिस्ट्रीची नव्हे, राज्यघटनेची! सगळा वर्ग बाकाखाली स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असतो.

एक दिवस मी भडकलो. केमिस्ट्री नको असेल तर इथं येता कशाला, असं सरळ विचारलं. देगलूरचा गजानन उभा राहिला. पोरगा अतिशय नम्र. म्हणाला, “सर, राग नका मानू. तुम्ही पर्मनंट कधी व्हणार?”

मी पुन्हा फळ्याकडे वळलो. त्या दिवशी मागे पानं उलटत राहिली, आणि मी ती उलटू दिली.

* * *

त्याच वर्गात वर्षा होती. अहमदपूरजवळच्या खेड्यातली, वर्गात कायम पहिली. एम.एस्सी. आणि राज्यसेवा, दोन्ही घोडी एकाच वेळी पळवत होती. चुलत बहिणीच्या हळदीला गेली आणि परत आली ती तोंड पाडून. काय झालं म्हटलं, तर तिनं सांगितलं ते असं.

तिथं नवरी राहिली बाजूला, सगळे हिच्याच मागे. एक काका म्हणे बँकेचं बघ, दुसरे म्हणे बी.एड. करून ठेव, हाताशी असू दे. मावशीनं तर माहूरच्या रेणुकेला नवसच बोलून टाकलेला, भाची लाल दिव्याच्या गाडीत बसली की खण-नारळ. लाल दिवा बंद होऊन जमाना झाला, हे मावशीला कुणी सांगितलेलं नाही. सगळ्यांत मोठा उपदेश केला एका मामांनी. तासभर बोलले. त्यांचा स्वतःचा मुलगा पुण्यात अभ्यास करून करून थकलाय, आणि लोक ‘कुठं लागलास?’ विचारतात म्हणून लग्नालाच आलेला नव्हता. सख्ख्या मुलाला नातेवाइकांत तोंड दाखवायची सोय उरली नाही, आणि हे गृहस्थ जिलेबी खात दुसऱ्याच्या मुलीला रस्ता दाखवतायत!

* * *

दिवाळीनंतर वर्षा लॅबमध्ये माझ्याकडे आली. डोळे आत गेलेले. म्हणाली, “सर, वाचून राहिले तर डोक्यात काहीच जाऊन न्हाई राहिलं. पान संपतं, अन् काय वाचलं ते सांगता येत न्हाई.”

झोप येत नव्हती, जेवण जात नव्हतं. तिला एक वर्ष सगळं थांबवून घरी जायचं होतं, एवढंच. पण वडिलांना, म्हणजे अण्णांना, सांगायचं कसं? त्यांनी आत्तापासूनच तिला सगळ्या गावासमोर ‘मॅडम’ म्हणायला सुरुवात केली होती. रोज फोन करून ते दोनच गोष्टी विचारत, जेवलीस का आणि अभ्यास झाला का. ही दोन्हीला ‘हाव’ म्हणायची आणि फोन ठेवल्यावर रडायची.

मी तिला एचओडी सरांकडे नेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि खणातून पट्टी काढून तिला टाइमटेबल आखून दिलं. उठणं पहाटे चारला. रविवार नावाचा वार त्यात नव्हताच. मी विचारलं, “सर, हिनं आंघोळ कधी करायची?” त्यांनी माझ्याकडे रागानं बघितलं, आणि कागदाच्या कडेला बारीक अक्षरात ‘आंघोळ’ लिहिलं.

* * *

आपल्याकडे अंगात त्राण उरलं नाही तर माणूस झोपत नाही, सलाईन लावून घेतो. क्लासेसच्या गल्लीत तेवढ्यासाठीच चालणारा एक दवाखाना आहे. वर्षा चक्कर येऊन पडली म्हणून तिच्या मैत्रिणीचा फोन आला, तेव्हा मी तिथं गेलो. ओळीनं कॉट, प्रत्येक कॉटवर एक विद्यार्थिनी. एका हाताला सुई, दुसऱ्या हातात पुस्तक. वर्षाला पुस्तक पेलवत नव्हतं, म्हणून मैत्रीण उशाशी बसून तिला चालू घडामोडी वाचून दाखवत होती.

डॉक्टरांनी पूर्ण विश्रांती सांगितली. वर्षा हो म्हणाली. डॉक्टरांची पाठ फिरताच तिनं अंगठ्यानं नळीवरचं चाक फिरवलं आणि थेंब भराभर पडू लागले. हे काय करतेस, म्हणून मी ओरडलो.

“टेस्ट हाय, सर. उशीर व्हईल.”

शेजारच्या कॉटवरची मुलगी नर्सला म्हणाली, “सिस्टर, मलाबी फास्ट सोडा.”

* * *

मग कॉलेजला जाग आली. ‘तणावमुक्ती कार्यशाळा’ ठेवली. कधी? रविवारी. हजेरी सक्तीची, न येणाऱ्याचे इंटर्नलचे मार्क कापणार. लातूरहून कोट घातलेले एक प्रशिक्षक आले. म्हणाले, डोळे मिटा, खोल श्वास घ्या, निळ्या समुद्राची कल्पना करा. आमच्यातल्या निम्म्यांनी समुद्र बघितलेलाच नाही, पण डोळे सगळ्यांनी मिटले.

थोड्या वेळानं ते म्हणाले, आता डोळे उघडा. कुणी उघडेना. सगळा हॉल गाढ झोपलेला. गजानन तर घोरत होता. प्रशिक्षक हरखून गेले, एचओडी सरांना म्हणाले, बघा ध्यानाची ताकद. तेवढ्यावर थांबले असते तरी मी त्यांचे पाय धरले असते. पण नाही! फीडबॅक भरून घ्यायचे राहिले होते, म्हणून शिपायाला सांगून एकेकाला हलवून उठवलं. इतका संताप मला आयुष्यात क्वचित आला असेल.

* * *

एवढं सगळं सोसूनही वर्षा पूर्वपरीक्षा पास झाली. झालं! एचओडी सरांनी सत्काराचा घाट घातला. तिनं भाषण करायचं, विषय ‘ताणावर मात’. तिच्या अंगात ताप होता. तिनं तसं सांगितलं तर सर म्हणाले, “सलाईन लावून ये, पण ये.”

ती आली. हॉल खच्चून भरलेला. गावाकडून अण्णांना बोलावून पहिल्या रांगेत बसवलेलं, डोक्याला भगवा फेटा बांधलेला. वर्षा माइकसमोर उभी राहिली. सरांनी लिहून दिलेलं भाषण हातात होतं, पण तिनं ते वाचलं नाही.

“मी मुख्य परीक्षा देणार न्हाई,” ती म्हणाली. “मला आता काहीच झेपून न्हाई राहिलं. मला घरी जायचंय.”

एचओडी सरांनी धावत जाऊन दुसरा माइक धरला. म्हणाले, “बघा, एवढं यश मिळवूनही केवढा हा विनय! टाळ्या झाल्या पाहिजेत.” आणि टाळ्या झाल्या. कडकडाट झाला.

“विनय न्हाई, सर. खरं सांगून राहिले,” वर्षा म्हणाली. टाळ्या आणखी वाढल्या.

टाळ्या वाजवत नव्हते ते एकटे अण्णा. ते उठले. डोक्यावरचा फेटा काढून त्यांनी खुर्चीवर ठेवला आणि कडेच्या पायऱ्या चढून स्टेजवर गेले.

“माय, बॅग कुठं हाय तुझी?”

“रूमवर.”

“चल.”

तिनं त्यांचा दंड धरला आणि दोघं मधल्या वाटेनं निघून गेले. मागे सर माइकवरून सांगत होते की, आता पालकांचाही सत्कार होईल.

मी दाराशीच उभा होतो. शेवटच्या रांगेतली फर्स्ट इयरची एक मुलगी उठून माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “सर, असं म्हणलं तर चालतं का?”